जुन्या ग्लायडरची कंट्रोल बेअरिंग: ढिलाई कुठे आहे ते शोधणं, योग्य बेअरिंग मिळवणं आणि सांधा पुन्हा जुळवणं

ऐलेरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या बाजूला बिजागऱ्यांवर वर-खाली हलणाऱ्या पट्टीची, मागची कड अंगठा आणि तर्जनीत हलकेच धरा. कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाला स्टिक (ऐलेरॉन हलवणारी दांडी) दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवायला सांगा आणि कड वर-खाली हलवून पाहा. सांधे धड असतील तर हाताला पहिल्या क्षणापासून स्प्रिंगसारखा ताण लागतो. झिजलेले असतील तर आधी बोटभर जोर न लावताच कड थोडी सरकते, बारीक ‘टक’ होतं आणि मग ताण सुरू होतो. त्या ‘टक’पर्यंतची मोकळी सरक म्हणजे फ्री प्ले. वर्कशॉपच्या भाषेत, ‘प्ले आलाय’.

मोटारसायकलच्या चाकाला एवढा प्ले आला तर गाडी डुलते. ग्लायडरला आला तर धोका वेगळ्या जातीचा असतो. वादळी वाऱ्यात खिळ न लावलेलं खिडकीचं दार आठवा. वारा एकाच दिशेने वाहत असतो, तरी दार धडधड आपटत राहतं, आणि प्रत्येक आपटीला वाऱ्याकडून थोडी जास्त ताकद घेतं. कंट्रोल सरफेसचं, म्हणजे ऐलेरॉनसारख्या हलत्या पट्टीचं, असं झालं की त्याला फ्लटर म्हणतात. पंखाची लवचिकता, सरफेसचं वजन आणि हवेचा वेग यांचा मेळ बसला की थरथर काही सेकंदांत एवढी वाढते की बिजागरी उपटून निघू शकते. डिझाईन करणाऱ्याने कमाल वेग ठरवताना सांधे घट्ट आहेत असंच धरलेलं असतं. सांधे सैल झाले की त्या वेगाचा भरवसा राहत नाही. म्हणून ग्लायडरच्या मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये फ्री प्लेची मर्यादा दिलेली असते, बहुतेक वेळा मागच्या कडेवर किती मिलिमीटर अशी. तोच आकडा धरायचा. शेजारच्या ग्लायडरचा आकडा आपल्याला चालत नाही.

हे काम बेअरिंग बदलण्याचं वाटतं, पण खरं काम सांधा पुन्हा जुळवण्याचं आहे. सांध्यात बेअरिंग असतं, ते ज्यात बसतं ते घर असतं, आतून जाणारा बोल्ट असतो, दोन बाजूंचे कान असतात आणि नट असतो. झीज यांतल्या कशातही असू शकते. नवं बेअरिंग झिजलेल्या घरात ठोकलं तर पैसे गेले आणि प्ले तिथेच राहिला.

प्ले वाढतो कसा

आकडे मांडले की लगेच कळतं. समजा ऐलेरॉनला ढकलणारा रॉड बिजागरीच्या रेषेपासून ४० मिलिमीटरवर जोडलाय आणि मागची कड त्याच रेषेपासून १६० मिलिमीटरवर आहे. म्हणजे रॉडच्या टोकाशी जेवढी ढिलाई असेल, ती कडेवर चौपट दिसेल. बोल्ट ०.१ मिलिमीटर झिजला तर कडेवर ०.४ मिलिमीटर. स्टिकपासून ऐलेरॉनपर्यंत रॉड, बेलक्रँक (ओढीची दिशा वळवणारा कोनी लिव्हर) आणि जोडण्या मिळून आठ-दहा सांधे सहज असतात, आणि प्रत्येकाचा वाटा आपापल्या लिव्हरच्या प्रमाणात वाढून किंवा घटून शेवटी कडेवर जमा होतो. त्यामुळे एकही सांधा ‘खराब’ म्हणण्याइतका सैल नसताना एकूण बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते. म्हणूनच सरसकट सगळी बेअरिंग मागवू नका. आधी मोजा.

दोन वेगवेगळ्या ढिलाया इथे एकात मिसळतात. पहिली रॉड-बेलक्रँकच्या साखळीतली. ती सरफेस फिरताना कळते. दुसरी खुद्द बिजागरीतली. तिच्यामुळे सरफेस फिरत नाही, अख्खा उचलला जातो. म्हणून कड हलवून झाली की बोटं बिजागरीच्या अगदी शेजारी ठेवा आणि सरफेस वर-खाली, पुढे-मागे उचलून पाहा. कडेची चाचणी उत्तम आणि बिजागरी मात्र खिळखिळी, असं होऊ शकतं.

सांधा नेमका ओळखायला सगळ्यात चांगलं साधन आपलं बोट. एक माणूस कड हलवत राहतो, दुसरा एकेका सांध्यावर असं बोट ठेवतो की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्या भागावर येईल. दोन भागांत केसाएवढा फरक पडला तरी कातडीला कळतो. स्टिककडून सुरुवात करून बाहेर पंखाकडे जा. जिथे ‘टक’ बोटाखाली येईल तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावा. मग तेवढ्याच सांध्यांना मॅग्नेटिक स्टँडवरचं डायल गेज (काट्याने बारीक सरक दाखवणारं माप) लावून आकडे लिहा. लाकडी किंवा फायबरच्या भागाला मॅग्नेट धरत नाही. तिथे छोटा सी-क्लॅम्प वापरा, खाली रबराची पट्टी ठेवून.

एक फसवणूक नेहमी होते. साध्या डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंगची आतली रिंग बाजूला डुलवली तर बरीच हलते. आसाच्या दिशेने असलेला खेळ आडव्या खेळाच्या कित्येक पट असतो, आणि तो नव्यातही असतो. बेअरिंगची परीक्षा आडव्या दिशेने घ्यायची, म्हणजे ज्या दिशेने रॉड ओढतो-ढकलतो त्या दिशेने. सेल्फ-अलायनिंग बेअरिंगची रिंग तर तिरकी वळण्यासाठीच बनवलेली असते. ती वळते म्हणून बाद करू नका.

ही बेअरिंग का झिजतात

मोटरचं बेअरिंग गोल फिरतं. छर्रे सगळ्या मार्गावर फिरतात, ग्रीस सगळीकडे पोचतं. ऐलेरॉनचं बेअरिंग मात्र २०-३० अंशांत इकडून तिकडे हलतं, आणि उड्डाणाचा बराच वेळ तर मधल्या दोन-चार अंशांतच असतं. प्रत्येक छर्रा त्याच जागी घासत राहतो, तिथलं ग्रीस बाजूला सारलं जातं, आणि पोलादावर पोलाद येतं. ट्रेलरमधून खडबडीत रस्त्याने नेताना तर सरफेस न फिरताच थरथरतो. त्याने रिंगमध्ये छर्ऱ्यांच्या अंतरावर बारीक खळगे पडतात. अशा बेअरिंगला प्ले नसेलही, पण स्टिक मधल्या जागेवर आणली की ‘खाचेत बसल्यासारखी’ लागते. तेही बदलायचंच. ट्रेलरमध्ये सरफेस लॉक करून नेणं हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

आपल्या नागपूरचं हवामान याला हातभार लावतं. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, नवतपात (कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बंद ट्रेलर किंवा पत्र्याच्या शेडच्या आतलं तापमान त्याहून खूप जास्त असतं, आणि ग्रीसमधलं तेल हळूहळू सुटून वाहून जातं. मागे राहतो तेल धरून ठेवणाऱ्या, ग्रीसमधल्याच साबणाचा कोरडा थर. मग जूनमध्ये पाऊस येतो, आणि जिथे ग्रीस उरलेलं नाही तिथे ओलावा बसतो. मार्च-एप्रिलमध्ये बरं वाटलेलं बेअरिंग ऑक्टोबरमध्ये करकरतं ते यामुळे. तपासणी पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, अशी दोनदा ठेवा.

लाकडी ग्लायडरचं आणखी एक आहे. का-८ असो, एएसके-१३चा लाकडी पंख असो की आपलं देशी रोहिणी, उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं आणि बिजागरीची पट्टी धरणारे बोल्ट लाकडात सैल पडू शकतात. हा प्ले बेअरिंगचा वाटतो, पण बेअरिंग निर्दोष असतं. बोट पट्टी आणि लाकूड यांच्या मधे ठेवून पाहिल्याशिवाय निदान करू नका.

कोणतं बेअरिंग, हे आधी कागदावर

जुन्या ग्लायडरमध्ये साधारण चार प्रकार भेटतात: पितळ किंवा ब्राँझचे बुश (छर्रे नसलेल्या साध्या नळ्या), साधी बॉल बेअरिंग, सेल्फ-अलायनिंग बॉल बेअरिंग, आणि रॉडच्या टोकाला गोळा असलेले रॉड एंड. जर्मन आणि झेक ग्लायडर मिलिमीटरमध्ये आहेत, अमेरिकन इंचात. ६ मिलिमीटर आणि पाव इंच हे दिसायला सारखं, पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. पाव इंची बेअरिंगमध्ये ६चा बोल्ट घातला तर पहिल्याच दिवशी ०.३५ मिलिमीटरचा प्ले तयार. म्हणून व्हर्नियरवर थांबू नका. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मायक्रोमीटरने मोजा.

उदाहरणासाठी ६२६ हा नंबर घेऊ, कारण हा आकार फार ठिकाणी वापरला जातो: आतून ६, बाहेरून १९, रुंदी ६ मिलिमीटर. ६०८ म्हणजे ८, २२, ७. पण नंबर जुळला म्हणून बेअरिंग जुळलं असं नाही. नंबरमागची अक्षरंही तेवढीच महत्त्वाची. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. ती धूळ अडवतात, पाणी अडवत नाहीत. २आरएस म्हणजे रबरी सील. ते थोडं जड फिरतं, पण पावसाला टिकतं. आणि सी३ म्हणजे आतला मोकळेपणा जास्त. ६ मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) साध्या बेअरिंगमध्ये आडवा मोकळेपणा २ ते १३ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) असतो, सी३मध्ये ८ ते २३. दुकानदार हमखास सी३ देतो, कारण गिऱ्हाईक बहुतेक मोटर दुरुस्तीवाले असतात आणि गरम होणाऱ्या मोटरला तेच लागतं. कंट्रोलच्या सांध्यात आपण प्ले कमी करायला निघालोय, तिथे सी३ उलटं पडू शकतं. पण घर घट्ट फिटचं असेल तर ड्रॉईंगमध्येच सी३ लिहिलेलं असू शकतं, त्याचं कारण पुढे येईल. अक्षर आपल्या मनाने बदलायचं नाही, एवढं पक्कं.

स्टेनलेसचा मोह गंजामुळे होतो. स्टेनलेस बेअरिंग गंजाला टिकतं, पण त्याच आकारात त्याची भार सोसण्याची क्षमता साध्या क्रोम स्टीलपेक्षा कमी असते. सिरॅमिक छर्ऱ्यांचं बेअरिंग तर इथे मुळीच नको. कडक छर्रे आणि न फिरता बसणारे धक्के म्हणजे रिंगमध्ये खळगे पाडण्याची सोय.

बॉल बेअरिंगच्या बाबतीत बघायचा तो आकडा म्हणजे स्थिर भाराची क्षमता. ६२६साठी ती सुमारे ९५० न्यूटन, म्हणजे साधारण ९७ किलो वजनाएवढी. फिरण्याच्या आयुष्याचे लाखो फेरे इथे कामाचे नाहीत, कारण बेअरिंग फिरतच नाही.

नागपुरात काय मिळेल, बाहेरून काय मागवावं लागेल

६२६, ६०८ हे आकार शहरातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात आणि काही शे रुपयांत येतात. अडचण वस्तूची नाही, कागदाची आहे. नोंदणी असलेल्या ग्लायडरमध्ये भाग बसवायचा तर तो कुठून आला हे सिद्ध व्हावं लागतं. उत्पादकाने आपल्या पार्ट नंबरवर दिलेल्या भागाबरोबर भाग विमानात वापरायला योग्य असल्याचा दाखला, म्हणजे युरोपचा ईएएसए फॉर्म १, अमेरिकेचा एफएए ८१३०-३ किंवा आपल्याकडचा सीए फॉर्म १ यायला हवा. ड्रॉईंगमध्ये डीआयएनसारख्या (जर्मन) जाहीर मानकाचा नंबर असेल आणि भाग स्टँडर्ड पार्ट ठरत असेल, तर सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी (भाग मानकाप्रमाणे असल्याचं प्रमाणपत्र) चालतं. पण ते त्या मानकाचं, त्या बॅचचं आणि मूळ बनवणाऱ्यापर्यंत मागे जाणारं हवं. दुकानाचं जीएसटी बिल म्हणजे सर्टिफिकेट नव्हे.

मिहानमध्ये बोइंगची देखभाल होते, मग बेअरिंग तिथूनच मिळेल, असा समज दिसतो. मोठ्या विमानाचा भाग त्या विमानाच्या नंबरवर येतो आणि त्याच विमानाला जातो. आपला रस्ता वेगळा. आधी ग्लायडरच्या टाईप सर्टिफिकेटची (त्या मॉडेलच्या डिझाईनला मिळालेल्या मंजुरीची) जबाबदारी आज कोणाकडे आहे ते शोधा. जर्मनीतल्या पोपेनहाउझेनची श्लायखर कंपनी आजही आपल्या जुन्या मॉडेलांना भाग देते. कंपनी बंद पडली असेल तर तिच्या मॉडेलांची जबाबदारी बहुधा दुसऱ्या कोणी घेतलेली असते, आणि त्यांच्याकडे बदली नंबराची यादी असू शकते. रोहिणीसारख्या देशी ग्लायडरचं डिझाईन नागरी विमान वाहतूक खात्याच्या दिल्लीतल्या तांत्रिक केंद्राचं आहे, त्यामुळे ड्रॉईंगचा शोध तिकडून सुरू होतो. मूळ बेअरिंग आता बनतच नसेल तर ‘याच्याऐवजी हे चालेल’ असं लेखी उत्तर घ्या. तोंडी होकार फाईलला लावता येत नाही.

मागवताना दहा लागणार असतील तर बारा मागवा, एकाच बॅचची. दाबताना एखादं वाया जातं, आणि एका बेअरिंगसाठी पुन्हा महिनाभर वाट पाहणं म्हणजे मोसम हातचा जाणं. बरोबरच नवे बोल्ट, नायलॉनचे लॉक नट, स्प्लिट पिना आणि फट भरायचे पातळ शिम वॉशर यांचीही यादी जोडा. नकली माल ओळखायला बेअरिंगवरचा मजकूर बघा. लेझरचं अक्षर सुबक आणि खोली एकसारखी असते. पुसट, वाकडी अक्षरं, डब्याशी न जुळणारा बॅच नंबर, किंवा बोटाला लागणारं गंजरोधक तेल गायब असलं की परत द्या.

स्थानिक मदत हत्यारांसाठी घ्या. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या कुठल्याही चांगल्या लेथवाल्याकडून तासाभराच्या कामात बेअरिंग काढताना-बसवताना दाबायला लागणारे तुकडे करून मिळतात.

काढणं

सुरुवातीलाच सरफेसचे सगळे कोन आणि रॉडची लांबी लिहून घ्या, फोटो काढा. रॉड एंड काढण्याआधी तो किती आटे बाहेर आहे ते मोजा आणि सोडताना फेऱ्या मोजा. एम६च्या आट्यात अर्धा फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, आणि चौपटीच्या हिशेबाने मागच्या कडेवर दोन मिलिमीटर. ऐलेरॉनच्या तीन-चार बिजागऱ्या असतील तर सगळी बेअरिंग एकदम काढू नका. एक काढा, एक बसवा. बाकीच्या बिजागऱ्या रेषा धरून ठेवतात.

बेअरिंग घरात कसं अडकवलंय ते भिंगाने पाहा. सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असेल तर सोपं आहे. बऱ्याच जुन्या जोडण्यांत घराच्या कडेचं धातू पंचने तीन ते आठ ठिकाणी आत दाबलेलं असतं, त्याला स्टेकिंग म्हणतात. ते दाबलेलं धातू बारीक कानशीने किंवा धारदार स्क्रेपरने फक्त तेवढंच काढायचं, घराच्या भिंतीला न लागता. हातोडीने ठोकून बेअरिंग बाहेर काढू नका. लाकडाला किंवा फायबरला चिकटवलेल्या पट्टीचा सरस त्या ठोक्यांनी आतून सुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्याऐवजी ओढायचं, ६२६साठी असं: मधून उच्च ताकदीचा एम५ बोल्ट, एका बाजूला १८.५ मिलिमीटरचा दाबणारा पितळी तुकडा, दुसऱ्या बाजूला २० मिलिमीटर भोक असलेली नळी, आणि नट आवळत न्यायचा. बेअरिंग नळीत येऊन बसतं.

हीट गन घेऊन घर फुगवण्याची सवय इंजिनवाल्यांना असते. ग्लायडरवर ती विसरा. जुन्या फायबर ग्लायडरचं रेझिन ५४ अंशांच्या आसपास तपासलेलं असतं, त्यापुढे त्याची ताकद उतरते. ग्लायडर पांढरे असतात ते याच कारणाने. नागपूरच्या उन्हात आपण त्या मर्यादेच्या आधीच जवळ असतो.

घर मोजल्याशिवाय नवं बसवायचं नाही

बेअरिंग निघालं की घर स्वच्छ पुसून टेलिस्कोपिक गेज किंवा बोअर गेजने दोन दिशांनी मोजा, एकदा रॉडच्या ओढीच्या दिशेने आणि एकदा तिच्या काटकोनात. दोन मापांत फरक असेल तर घर अंडाकृती झालंय. बाहेरची रिंग घरात फिरत होती, याची खूण म्हणजे चकचकीत भिंत आणि तांबूस-तपकिरी पूड. अशा घरात नवं बेअरिंग चिकटद्रव्य लावून बसवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. रिटेनिंग कंपाउंड हे वैध साधन आहे, पण मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच आणि सांगितलेल्या फटीतच. अंडाकृती घराला तो इलाज नाही. तिथे पट्टीच बदलावी लागते किंवा मंजूर दुरुस्ती करावी लागते.

आता सी३चं कारण. समजा घर १८.९८८ मिलिमीटर आहे आणि बेअरिंगची बाहेरची रिंग १८.९९६. म्हणजे ८ मायक्रॉनची घट्ट बैठक. त्यातला तीन-चतुर्थांश भाग तरी रिंग आत दबण्यात जातो, म्हणजे आतला मोकळेपणा साधारण ६ मायक्रॉनने घटतो. डब्यातून निघालेल्या बेअरिंगचा मोकळेपणा ४ मायक्रॉन असेल, तर बसवल्यावर तो शून्याखाली गेला. बेअरिंग नवं, पण हाताला दाणेदार आणि जड लागतं. लोक म्हणतात बेअरिंगच खराब निघालं. खराब नसतं, बैठक आणि मोकळेपणा यांचा हिशेब चुकलेला असतो.

बसवणं

गरम करता येत नाही, पण बेअरिंग थंड करता येतं. १९ मिलिमीटरची पोलादी रिंग ३५ अंशांवरून घरच्या फ्रीझरच्या उणे १८ला नेली की साधारण १२ मायक्रॉन आकसते. ८ मायक्रॉनची बैठक त्यात पुरून उरते. पण एवढं छोटं बेअरिंग मे महिन्यात मिनिटभरातही गरम होतं, म्हणून घर, हत्यार आणि हात आधी तयार ठेवा. आणि कूलरच्या झोतात हे काम करू नका. कूलरची हवा ओली असते, गार बेअरिंगवर क्षणात दव धरतं, आणि ते पाणी सीलच्या आत जाऊन बसतं. बेअरिंग सिलिका जेलच्या पुडीसकट बंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवा आणि अगदी बसवतानाच पिशवी फोडा. पावसाळ्यात तर हे काम कोरड्या दिवशीच घ्या.

दाब फक्त बाहेरच्या रिंगवर. ६२६साठी दाबणाऱ्या तुकड्याचं टोक बाहेरून साधारण १८.८ आणि आतून १६.५ मिलिमीटर ठेवा, म्हणजे तो सीलला आणि आतल्या रिंगला लागत नाही. आतल्या रिंगवर दाब दिला की तो छर्ऱ्यांतून बाहेरच्या रिंगवर जातो आणि पहिल्याच दिवशी खळगे पडतात. बेअरिंग तिरकं शिरायला लागलं तर थांबा, काढा, पुन्हा सरळ लावा. बसल्यावर आतली रिंग बोटाने फिरवा. मऊ फिरली पाहिजे, एकही दाणा जाणवता कामा नये.

स्टेकिंगचे नवे ठसे जुन्या ठशांच्या मधल्या जागी द्या. जुन्यावरच पुन्हा मारलं तर तिथलं धातू तडकतं. मधली जागा उरलीच नसेल तर त्या घराचं आयुष्य संपलं.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: दोन कानांमधली जागा. बोल्ट आवळला की दोन्ही कानांनी आतल्या रिंगला घट्ट पकडलं पाहिजे, म्हणजे हालचाल छर्ऱ्यांवर होते. पकड नसेल तर रिंग जागेवर राहते, बोल्टच आत घासत फिरतो आणि नवं बेअरिंग बसवूनही प्ले महिनाभरात परत येतो. बेअरिंग ६ मिलिमीटर आणि कानांमधली जागा ६.४ असेल, तर ०.२ मिलिमीटरची शिम दोन्ही बाजूंना हवी. शिम न घालता नट आवळून कान वाकवले, तर वाकाच्या मुळाशी तडा सुरू होतो. शिम वॉशर लहान व्यासाचा हवा, फक्त आतल्या रिंगला टेकणारा. मोठा वॉशर सीलला घासतो.

बोल्ट जुना वापरायचा विचार असेल तर मायक्रोमीटर लावा. बेअरिंगच्या आत त्याचा गुळगुळीत दांडाच आला पाहिजे, आटे येता कामा नयेत. नायलॉनचा लॉक नट पुन्हा वापरू नका. आणि जिथे बोल्ट स्वतः फिरू शकतो तिथे नुसता लॉक नट पुरत नाही, तिथे स्प्लिट पिनसारखी घर्षणावर न चालणारी अडकवण लागते. हा नियम विमानशास्त्रात जुना आहे आणि त्यामागे माणसं गेलेली आहेत.

रॉड एंड असेल तर त्याच्या उघड्या बाजूला घराच्या भोकापेक्षा मोठा वॉशर लावा. गोळा झिजून निसटलाच तर वॉशर रॉडला सुटू देत नाही. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) अस्तर असलेल्या रॉड एंडला तेल किंवा ग्रीस लावू नका. धूळ धरून ते अस्तर खरवडतं. सीलबंद बॉल बेअरिंगवर गंज काढायचे स्प्रे मारू नका, ते आतलं ग्रीस धुऊन नेतात. उघड्या बेअरिंगला मॅन्युअलने सांगितलेलं विमानाचं ग्रीसच लावा. एमआयएल-पीआरएफ-२३८२७ आणि एमआयएल-पीआरएफ-८१३२२ ही जास्त भेटणारी दोन मानकं. दोन्ही एकमेकांत मिसळू नका.

तपासणं आणि सही

ऐलेरॉन परत चढवण्याआधी सगळ्या बिजागऱ्यांतून ६ मिलिमीटरचा सरळ सिल्व्हर स्टीलचा गज किंवा ताणलेली तार घाला. एखादी बिजागरी रेषेबाहेर असेल तर जमिनीवर सरफेस मोकळा वाटतो, पण हवेत पंख वाकला की आवळला जातो. डिझाईनमध्ये बहुधा एकच बिजागरी पंखाच्या लांबीच्या दिशेची सरक धरते, बाकीच्या मोकळ्या असतात. चारही घट्ट करून ‘पक्कं काम’ करणं ही चूक आहे.

मग पुन्हा तेच माप, तीच माणसं, तोच डायल गेज. फ्री प्ले, दोन्ही दिशांचे कोन, स्टिकवरचं घर्षण. आकडे आधीच्या आकड्यांच्या शेजारी लिहा. सरफेसला रंग किंवा दुरुस्ती झाली असेल तर त्याचं वजन आणि समतोलही पाहावा लागतो, कारण फ्लटरचा हिशेब त्यावरही बसलेला आहे. दिशा तपासताना बोलून तपासा: ‘स्टिक डावीकडे’, ‘डावा ऐलेरॉन वर’. उलट जोडलेल्या कंट्रोलचे अपघात अनुभवी लोकांच्या हातून झाले आहेत, कारण दोन्ही बाजू मोकळ्या हलत होत्या आणि एवढंच पाहिलं गेलं.

प्राथमिक कंट्रोलचं काम असल्याने परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) सही लागते, आणि त्यानंतर काम न केलेल्या दुसऱ्या पात्र माणसाची स्वतंत्र तपासणी, जिला आपल्याकडे डुप्लिकेट इन्स्पेक्शन म्हणतात. लॉगबुकात पार्ट नंबर, बॅच, सर्टिफिकेटचा क्रमांक, आधीचे-नंतरचे आकडे, सगळं यायला हवं. हा उपचार म्हणून करू नका. दुसऱ्या डोळ्यांना शिम किंवा स्प्लिट पिन राहिलेली दिसते.

पहिली काही उड्डाणं मध्यम वेगात, आणि प्रत्येक दिवशीच्या तपासणीत त्या सांध्यांवर बोट. नवी बैठक थोडी बसते. दहाएक तासांनी प्ले पुन्हा मोजा.

काढलेलं बेअरिंग फेकू नका. बिजागरीचा क्रमांक लिहून पिशवीत ठेवा, आणि वेळ मिळाला की बारीक कटर डिस्कने बाहेरची रिंग कापून आत पाहा. डोळ्यांवर गॉगल घालूनच. छर्ऱ्यांच्या अंतरावर ओळीने खळगे असतील तर ट्रेलरमध्ये सरफेस हलतोय. एकाच बाजूला चकचकीत पट्टा असेल तर बिजागरी रेषेबाहेर होती. तपकिरी पूड आणि टोचे असतील तर पाणी शिरलंय, आणि त्याच बाजूच्या बाकीच्या बिजागऱ्या पुढच्या पावसाआधी उघडायला हव्यात.